नूरीला नेलं त्या सकाळी

१९७५ साली माझी बदली कवठे महांकाळहून मिरजेच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली, तेव्हा मला घोड्यांचं फारसं काही कळत नव्हतं. कवठ्याला शेळ्या-मेंढ्या आणि बैल. घोडा म्हणजे एखाद्या मेंढपाळाचं तट्टू. मिरजेत मात्र टांगे होते. स्टेशनवर गाडी लागली की कर्नाटकातून, कोकणातून आलेले आजारी लोक टांग्यात बसून वेगवेगळ्या इस्पितळांकडे निघायचे. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन घोडे तरी माझ्या दारात असायचे, आणि त्यांना धरायला बहुतेक वेळा दस्तगीर असायचा. घोडा कुणाचाही असो, अडेल निघाला की टांगेवाले दस्तगीरला बोलवत. तो पन्नाशीचा, उंच, खांद्यावर लाल पंचा टाकलेला. घोड्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि मला म्हणायचा, "हं, आता टोचा डॉक्टर. त्याला सांगितलंय मी."

त्याची स्वतःची घोडी नूरी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. अकरा वर्षं त्याच्याकडे होती. मुलगी शमशाद लग्न होऊन इचलकरंजीला गेली, तेव्हापासून घरात दस्तगीर, त्याची बायको हुसेनबी आणि नूरी एवढीच तिघं. दर्ग्याच्या मागं दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत घोडी. रात्री आतून कडी लावली तरी दाराच्या फटीतून तिचा श्वास ऐकू येतो, असं हुसेनबी म्हणायची.

त्या दिवाळीनंतर एका पहाटे नूरीनं दावं सोडवून घेतलं आणि तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातले हरभरे पोट फुटेस्तोवर खाल्ले. पोतं कुणी उघडं ठेवलं यावरून त्या घरात कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. पोट मी वाचवलं, पण पाय गेले. हरभऱ्याची बाधा घोड्याच्या खुरात उतरते. खुराच्या आतलं हाड आपली जागा सोडून खाली सरकायला लागतं, आणि मग त्या जनावराला उभं राहणं म्हणजे निखाऱ्यावर उभं राहणं होतं. आम्ही सगळं केलं. गार पाणी, ओल्या मातीत उभं करणं, सुया, गोळ्या. हुसेनबीनं नदीची वाळू आणवून पडवीत गुडघाभर पसरली. दोन महिने झाले. नूरी पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागं टाकून उभी असायची, नाहीतर आडवी पडून घामानं निथळायची. पौषाच्या शेवटी मी तिचा खूर उचलून बघितला तर तळव्याला चंद्रकोरीसारखी चीर पडलेली. हाड बाहेर यायला लागलं होतं.

मी हात धुतले आणि दस्तगीरला म्हणालो, "दस्तगीरभाई, आता तिला सोडवायला पाहिजे."

तो बराच वेळ नूरीची आयाळ बोटांनी विंचरत राहिला. मग म्हणाला, "कुठं?"

"इथंच. तिच्या जागेवर. शिरेतून औषध द्यायचं. आधी गुंगी येते, मग झोप. तिला कळणारही नाही."

"आनि मग?"

कॉलेजात आम्हाला जनावर कसं सोडवायचं ते शिकवलं होतं. पुढचं कुणी शिकवलं नव्हतं.

"मग ती गाडी येनार," दस्तगीर म्हणाला.

गावात मेलेली जनावरं उचलायची एक गाडी होती. हाडा-कातड्याच्या ठेकेदाराची माणसं ती घेऊन यायची. दस्तगीर दहा वर्षांचा असताना त्याच्या बापाचा घोडा मेला होता. त्या वेळच्या माणसांनी घोड्याच्या मागच्या पायांना दोर बांधला आणि बोळातून ओढत नेला. दस्तगीर मागं मागं गेला होता. घोड्याचं डोकं प्रत्येक दगडावर आपटत होतं, एवढंच त्यानं मला सांगितलं. नंतर ओढ्याच्या पलीकडे त्यानं काय बघितलं ते त्यानं सांगितलं नाही.

"तसं हिला जाऊ देनार न्हाई," तो म्हणाला. "हिला मातीत घालनार."

माती द्यायला एक माणूस तयार होता. मालगावच्या रस्त्याला अडीच मैलांवर नाथाजी नावाच्या शेतकऱ्याचं रान होतं. त्याच्या बायकोचं, राहीबाईचं मोठं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा दोन महिने दस्तगीरनं त्यांची ने-आण केली होती. नाथाजी म्हणाला, "बांधाकडंची जागा देतो गड्या. खड्डा मी काढतो. घोडी तेवढी हितवर आन." पण ती आणायची कशी, इथं सगळं अडत होतं. नाथाजीची बैलगाडी दस्तगीरच्या बोळात शिरत नव्हती, आणि मेलेलं जनावर घालायला त्याचे थोरले भाऊ दादासो गाडी द्यायला तयार नव्हते. त्याच गाडीतून घरात धान्य येत होतं. ट्रकवाल्यांनी ऐकूनच मान हलवली. जिवंतपणी तिला ट्रकात चढवणं तर अशक्यच होतं.

म्हणजे दोनच वाटा उरल्या. नूरीला पडवीत शांतपणे झोपवायचं आणि मग त्या गाडीच्या हवाली करायचं. नाहीतर तिला तिच्या खड्ड्यापर्यंत चालवत न्यायचं.

हुसेनबी पहिल्या दिवसापासून चालवण्याच्या विरुद्ध होती. ती फार बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी मात्र चुलीपुढून उठून बाहेर आली.

"आवं, मेल्यावर तिला काय कळनार हाय? जितेपनी पाय जळत्यात तिचं. ते बगा की."

"तिला कळनार न्हाई. मला कळंल," दस्तगीर म्हणाला.

"मग हे तुमच्यासाठी चाललंय. तिच्यासाठी न्हाई."

मी तिथंच खाटेवर बसलो होतो. आज वाटतं, त्या क्षणी मी हुसेनबीच्या बाजूनं बोलायला हवं होतं. पण मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि दस्तगीरवर माझा जीव होता. त्याचा उतरलेला चेहरा बघवेना. मला एक युक्ती सुचली.

"तिचे पाय बधिर करता येतील," मी म्हणालो. "घोट्याच्या वर दोन्ही बाजूंच्या नसांपाशी सुई दिली की खुरातलं दुखणं कळत नाही. पाऊण तास, फार तर तास. तेवढ्यात ती पोचेल. तिथं गेल्यावर मी पुढचं करतो."

दस्तगीरनं माझे हात धरले. हुसेनबी माझ्याकडं वळली. "तुमी डॉक्टर हाय. तुमाला जास्ती कळतंय," ती म्हणाली. "पन मला हे बरं दिसंना."

मी त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. पाय बधिर झाला की जनावर तो राखून टाकत नाही. फुटलेल्या खुरावर सगळा भार देतं. औषध उतरलं की दुखणं आधीच्या चौपट होतं. पण औषध उतरायच्या आत सगळं संपणारच होतं, म्हणून मी बोललो नाही.

शुक्रवारी दिवस उगवताना मी सायकलवरून गेलो. थंडी होती. हुसेनबीनं जुनी वाकळ फाडून नूरीच्या चारही खुरांना जाड गुंडाळली होती, वरून सुतळीनं आवळली होती. मी सुया दिल्या. दहा मिनिटं थांबलो. मग दस्तगीरनं लगाम धरला आणि म्हणाला, "चल बेटा."

नूरी निघाली.

ती अशी निघेल असं मला वाटलं नव्हतं. दोन महिन्यांत तिनं एक पाऊल नीट टाकलं नव्हतं, आणि आता ती मान वर करून, कान टवकारून बोळातून चालली होती. कोपऱ्यावर वळताना तिनं सवयीनं स्टेशनच्या रस्त्याकडं तोंड केलं. चहाच्या टपरीवरचे दोन टांगेवाले उठून उभे राहिले. एकजण ओरडला, "दस्तगीरभाई, बरी झाली की!"

दस्तगीर माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

"डॉक्टर, ही तर चालतीया. बगा की, कशी चालतीया!" थोडं पुढं गेल्यावर तो थांबलाच. "मग मारायचं कशाला? रोज सुई देऊ की. मी येतो रोज दवाखान्यात."

"दस्तगीरभाई, हे औषधाचं चालणं आहे. पाय तसाच आहे. आत फुटतोय तो."

"पन तिला कळंना झालंय न्हवं?"

"आता कळत नाही. थोड्या वेळानं कळेल. चला, थांबू नका."

त्याला ते पटायला वेळ लागला. तो तिच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला, तीही त्याच्या खांद्यावर तोंड घासत होती, आणि मी घड्याळाकडं बघत होतो. पाच-सात मिनिटं तिथं गेली. एका म्हाताऱ्या बाईनं नूरीला गुळाचा खडा दिला. दोन ओळखीची माणसं थांबून विचारपूस करून गेली. मी दस्तगीरला ओढल्यासारखं करून पुढं काढलं.

रेल्वेच्या फाटकापाशी आलो तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. निम्मी वाट राहिली होती. फाटक बंद होतं.

मालगाडीचे डबे पुढं-मागं चालले होते. मिरज जंक्शन. तिथं हे रोजचंच. फाटकापाशी सायकली, भाजीच्या हातगाड्या, दुधाचे कॅन घेतलेले लोक निवांत उभे होते. मीही त्या फाटकात कितीतरी वेळा निवांत उभा राहिलेलो होतो. त्या दिवशी डबे पुढं जायचे, थांबायचे, परत मागं यायचे. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. नूरीनं उजवा पुढचा पाय उचलला आणि खाली टेकला. परत उचलला. मग डावा. तिच्या कानामागं घाम फुटला.

"डॉक्टर," दस्तगीर हळूच म्हणाला. "कळ परत आली का?"

मी मान डोलावली.

"अजून एक सुई द्या की."

माझ्याकडं नव्हती. दवाखान्यातला त्या औषधाचा साठा मी चार नसांना वापरून टाकला होता. मी परत फिरायचं म्हणालो. पण परत फिरलं तरी तितकंच अंतर होतं. आहे तिथं, फाटकाच्या गर्दीत तिला झोपवायची सुई देणं मला जमेना. ते तरी करायला हवं होतं. ते मी केलं नाही.

फाटक उघडलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. गर्दीच्या रेट्यानं आम्हीही निघालो. रुळांमधली खडी तिच्या वाकळेच्या चिंध्यांतून आत गेली असावी. दुसऱ्या रुळावर ती थांबली. दस्तगीर पुढून लगाम धरून मागं मागं चालत होता. तिच्याशी बोलत होता, त्यांच्या घरच्या बोलीत. शमशाद लहान असताना बोलत असेल तसा. नूरी त्याच्या आवाजासाठी चालली. चाबूक उगारून तिला कुणी एक पाऊल चालवू शकलं नसतं. रूळ ओलांडून साठ-सत्तर पावलं ती चालली, आणि प्रत्येक पावलाला तिच्या नाकपुड्यांतून एक आवाज येत होता. तो आवाज मी घोड्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लाकडाच्या एका वखारीच्या दारात ती आधी पुढच्या गुडघ्यांवर आली आणि मग कुशीवर पडली.

लोक जमले. शाळेला निघालेली पोरं, सायकलवाले, वखारीतले हमाल. मी पिशवी उघडली. शीर सापडायला दोनदा चुकलो. दस्तगीरनं पंचा तिच्या डोळ्यांवर टाकला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी म्हणालं, "आरं, इख घालतंय जनू!" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. औषध गेलं. गुंगी आली, मग झोप. मी सांगितलं होतं तसंच झालं. फक्त ते तिच्या पडवीत, तिच्या वाळूवर व्हायचं राहिलं.

मी तिच्या छातीला कान लावून बघितलं आणि म्हणालो, "गेली."

दस्तगीर हलला नाही. वखारीचा मालक बाहेर येऊन म्हणाला की दारात ट्रक लागायचा आहे, हे लवकर हलवा. त्यानंच माणूस पाठवून गाडी बोलावली. नाथाजी वाट बघून शेतातून चालत आला होता. तो आणि मी नुसते उभे होतो. अजून सव्वा मैलावर खड्डा तयार होता आणि आमच्या हातात काही नव्हतं.

तासाभरानं ती गाडी आली. तिच्याबरोबर चार माणसं. पुढच्याला मी ओळखत होतो. ज्ञानू. साठीचा, वाकलेला. दवाखान्यात जनावर मेलं की मागच्या दारानं हाच यायचा. वर्षभर मी त्याला आठवड्यातून एकदा तरी बघत होतो. 'मागं आहे, घेऊन जा,' याच्यापलीकडं त्याच्याशी कधी बोललो नव्हतो.

ज्ञानू पुढं झाला तसा दस्तगीर उठला. हातात चाबूक नव्हता, पण मूठ तशीच आवळलेली. "हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "दोर दिसला तर एकेकाला बगून घेईन."

ज्ञानू जागीच थांबला. मग त्यानं खाली उकिडवं बसून नूरीच्या खुरांकडं बघितलं. रक्तानं भिजलेल्या चिंध्यांना हात न लावता नुसतं बघितलं.

"हिला चालवत आनली?" त्यानं विचारलं.

नाथाजीनं मान डोलावली.

"कुठनं?"

"दर्ग्याच्या मागनं," नाथाजी म्हणाला. "माझ्या रानात मातीत घालायची हाय."

ज्ञानूनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "सायब, मला सांगायचं की. फळ्या हायत आमच्याकडं. खाली लाकडी रूळ घालतो, फळीवर सरकवतो, चौघं मिळून उचलतो. कसल्याबी बोळातनं काढतो. मागल्या साली एकांची गाय अशीच मळ्यात नेऊन दिली." मग तो दस्तगीरकडं वळला. आवाजात राग नव्हता. "दोर लावायचे ते दिस गेले भाई. माझा बा लावायचा. त्यालाबी कुनी दुसरं काय सांगितलं न्हाई, नुसतं लौकर न्ह्या म्हनायचे. आमाला कुनी इचारतंय व्हय, कसं न्हेता म्हनून?"

दस्तगीर एकदम रस्त्याच्या कडेला जाऊन, वखारीच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. त्याच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही. नाथाजी त्याच्यापाशी गेला.

ज्ञानूच्या माणसांनी फळ्या काढल्या. डोकं खाली लोंबू नये म्हणून ज्ञानूनं स्वतःचं घोंगडं घडी करून तिच्या मानेखाली दिलं. गाडी मालगावच्या रस्त्यानं हळूहळू निघाली आणि आम्ही मागून चाललो. नाथाजीनं खड्डा खोल काढला होता. नूरीला उतरवल्यावर ज्ञानू खड्ड्यात उतरून तिचे पाय तिच्या पोटाशी दुमडून आला. चिंध्या तशाच राहू दिल्या. पहिली माती दस्तगीरनं टाकली. दादासो लांब बांधावर उभे होते. शेवटी तेही आले आणि त्यांनी फावडं हातात घेतलं. ठेकेदाराला काय सांगायचं ते मी बघतो, असं म्हणून ज्ञानू आपली माणसं घेऊन गेला.

संध्याकाळी मी हुसेनबीला सांगायला गेलो. दस्तगीर घरी आलेला नव्हता. ती पडवीतली वाळू घमेल्यात भरत होती.

"किती चालली?" तिनं विचारलं.

"फाटकापर्यंत," मी म्हणालो. "त्रास झाला नाही. औषध होतं."

ती थांबली. "शेजारनीचा दीर त्याच वखारीत हमाली करतो, डॉक्टर," ती म्हणाली, आणि परत वाळू भरायला लागली.

मी तिथून निघालो. त्यानंतर त्या घरी मी गेलो नाही.

दस्तगीरनं दुसरं जनावर घेतलं नाही. टांगा एका नातलगाला दिला आणि स्टेशनजवळ एका सायकलच्या दुकानात बसायला लागला. माझ्या दवाखान्यात घोडे धरायला त्यानं येणं बंद केलं. मात्र दुसऱ्या एका टांगेवाल्याचा घोडा पोटशूळानं मेला, तेव्हा त्या टांगेवाल्याला घेऊन तो ज्ञानूच्या वस्तीवर गेला, असं मला ज्ञानूनंच सांगितलं. दारात चपला काढल्या, ज्ञानूच्या बायकोनं, चंद्राबाईनं दिलेला चहा घेतला, घोडा कसा न्यायचा ते सगळं बोलणं केलं. तोंड वर करून मात्र एकदाही बघितलं नाही. एव्हाना मी दवाखान्याच्या मागच्या दारी ज्ञानूबरोबर बसायला लागलो होतो. कुणाचं जनावर सोडवायची वेळ आली की आधी ज्ञानूला विचारायचं, मग मालकाशी बोलायचं, असा मी नेम केला होता. पुढं जिथं जिथं बदली झाली तिथंही, जनावरं उचलणाऱ्या माणसाला आधी विचारून, तो मी पाळला.

दोन वर्षांनी माझी बदली साताऱ्याला झाली. जायच्या आदल्या दिवशी मी बाजारातून येत होतो, तर दस्तगीर सायकलच्या दुकानातून उठून रस्त्यावर आला. खूप थकल्यासारखा दिसत होता.

"चालला म्हनं डॉक्टर."

"हो. उद्या."

"एक इचारायचं हुतं." त्यानं इकडं-तिकडं बघितलं. "त्या दिवशी तिला पडवीतच सुई दिली असती, आनि ज्ञानूला बोलावलं असतं, तर तिला काय म्हनजे काय कळलं नसतं. व्हय न्हवं?"

हुसेनबीशी मी खोटं बोललो होतो आणि ते तिथल्या तिथं उघडं पडलं होतं. मला परत खोटं बोलवेना.

"होय," मी म्हणालो. "काहीच कळलं नसतं. आणि चालवायची युक्ती माझी होती, दस्तगीरभाई. चूक माझी."

"युक्ती तुमची," तो म्हणाला. "लगाम माझ्या हातात हुता."

दुकानातून कुणीतरी त्याला हाक मारली. एक चाक सरळ करायचं राहिलं होतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, साताऱ्याला थंडी लय असती, जपून राहा म्हणाला आणि आत गेला.